अठ्ठावन्न वर्षं बेपत्ता

पहिल्यांदा ज्याच्या नजरेला पडला त्याचं नाव धूमकेतूला द्यायचं, अशी जुनी रीत आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. थंडीत रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्याला एवढं तरी मिळायलाच हवं. पण तोच धूमकेतू पुढे हरवला, मग कुणीतरी कागदावर आकडे मांडून ‘तो अमुक तारखेला अमुक ठिकाणी असेल’ असं सांगितलं आणि दुसऱ्या कुणीतरी तिथे दुर्बीण रोखून तो खरोखर शोधून काढला, तर या दोघांची नावं त्याला लागत नाहीत. ज्याला तो योगायोगाने पुन्हा सापडतो, त्याचं मात्र लागतं. टेम्पलने १८६९ साली फ्रान्समधल्या मार्सेहून एक धूमकेतू पाहिला. १८८० साली अमेरिकेत स्विफ्टला तोच अचानक दिसला. १९०८ नंतर तो गायब झाला आणि २००१ साली लिनिअर नावाच्या स्वयंचलित आकाश-पाहणीत आपसूक सापडला. आता त्याचं नाव टेम्पल-स्विफ्ट-लिनिअर. म्हणजे यंत्राचंही नाव लागलं. निव्वळ गणितासाठी ज्यांचं नाव धूमकेतूला मिळालं अशी हॅले, एन्के, लेक्सेल, क्रॉमेलिन ही मोजकीच मंडळी.

मला हे मनापासून खटकतं. खटकायला कारण झाला तो होम्सचा धूमकेतू. खगोलज्ञांच्या यादीत तो सतराव्या क्रमांकावर आहे, ‘१७पी/होम्स’. २००७ च्या शरदात तो कोल्हापुरातून नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्या आठवड्यांत मी त्याच्या मागे लागले आणि हळूहळू लक्षात आलं, की तो आपल्याला ‘होम्स’ म्हणून ओळखता आला यामागे होम्सपेक्षा दुसऱ्याच दोन माणसांचे कष्ट आहेत.

आधी होम्सबद्दल. एडविन होम्स हा लंडनचा हौशी निरीक्षक. ६ नोव्हेंबर १८९२ च्या रात्री त्याने देवयानी दीर्घिका नेहमीप्रमाणे बघायला दुर्बीण वळवली, तर जवळच दुसराच एक धूसर गोळा. ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या माँडरसारख्या जाणत्यांनी खात्री करून दिली. दोन-तीन दिवसांत एडिंबरातून अँडरसनने आणि पार ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून डेव्हिडसनने तो स्वतंत्रपणे पाहिला. पाहिला म्हणजे काय, चुकणं अवघडच होतं. दुर्बिणीशिवाय दिसत होता तो. सूर्याच्या सर्वांत जवळून तो जूनमध्येच जाऊन आला होता. म्हणजे खरं तर मंद होत जायचे दिवस, आणि हा नोव्हेंबरात भडकला. मग विझत विझत गेला आणि जानेवारीत पुन्हा एकदा उजळला.

त्या वेळचं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणायचं तर मिरजेहून गाडी येऊ लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. शाहू महाराज दत्तक येऊन आठ वर्षं झाली होती, पण राज्यकारभार हाती यायला अजून अवकाश होता. ते धारवाडला शिकत होते. नोव्हेंबरातलं इथलं आकाश, तेही विजेच्या दिव्यांआधीचं. देवयानीजवळचा तो पुंजका पंचगंगेच्या घाटावरून सहज दिसला असता. कुणी पाहिला असेल का, याचा मी पुष्कळदा विचार करते.

युरोपात मात्र काही जणांच्या पोटात गोळा आला. कारण ज्या भागात होम्स दिसला, आकाशाच्या त्याच भागाशी आणखी एका धूमकेतूचं नातं होतं. तो धूमकेतू बिएलाचा, पृथ्वीची वाट ओलांडणारा; तोच परत आला की काय, ही धास्ती. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिच्यात आपलं मद्रास आहे.

बिएलाचा धूमकेतू साधारण साडेसहा वर्षांनी परत येई. १८४६ च्या जानेवारीत लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले. १८५२ साली दोन्ही तुकडे एकमेकांपासून लांब झालेले, पण सोबत दिसले. त्यानंतर नाही. १८६६ साली तो चांगला दिसायला हवा होता, सगळ्यांनी वाट पाहिली, आला नाही. आणि २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्री, पृथ्वी त्याची वाट ओलांडत असताना, देवयानी तारकासमूहातून उल्कांचा नुसता पाऊस पडला. जर्मनीत ग्योटिंगेनला क्लिंकरफ्यूस नावाचे खगोलज्ञ होते. त्यांनी विचार केला, की धूमकेतू आत्ताच पृथ्वीला घासून गेला असेल तर तो आता दक्षिणेच्या आकाशात, नरतुरंग तारकासमूहात दिसेल. युरोपातून तो भाग दिसत नाही. त्यांनी मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पोगसन यांना तार केली: बिएला सत्तावीस तारखेला पृथ्वीला स्पर्शून गेला, तिकडे शोधा. मद्रासला तेव्हा ढग आणि पाऊस. पोगसननी ढगांच्या फटीतून २ आणि ३ डिसेंबरच्या पहाटे खरोखरच एक धूमकेतू पाहिला. मग आकाश पुन्हा झाकलं ते झाकलंच. पुढे गणितांनी दाखवलं, की तो बिएला असणं शक्य नव्हतं. दोन पहाटे दिसलेला तो भलताच कुणीतरी होता, आणि तोही पुन्हा दिसला नाही.

एका धूमकेतूला शोधायला जावं आणि दुसराच गवसून तोही हातचा जावा! ढगांनी केलेली ही अडवणूक पावसाळ्यात ग्रहण बघायला बसलेल्या कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. याच पोगसननी १८५६ साली ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत मोजायची पट्टी पक्की केली होती. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. ही पट्टी पुढे लागणार आहे.

तर होम्स म्हणजे परत आलेला बिएला नव्हे, हे लवकरच स्पष्ट झालं. त्याची स्वतःची कक्षा होती, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या प्रदेशातून फिरणारी. फेरा सहा वर्षं दहा महिन्यांचा. १८९९ साली लिक वेधशाळेत पेराइनला तो अपेक्षेप्रमाणे सापडला. १९०६ साली हायडेलबर्गला माक्स वोल्फला सापडला, पण अगदीच मंद. आणि मग नाही.

झालं होतं असं, की १९०८ च्या डिसेंबरात तो गुरूपासून सुमारे आठ कोटी किलोमीटरवरून गेला. आपल्याला हे अंतर भलं मोठं वाटतं, पण गुरूसारख्या दांडग्या ग्रहाला एवढ्यावरून धूमकेतूचा रस्ता बदलता येतो. होम्सचा फेरा सात वर्षं चार महिन्यांचा झाला, आणि सूर्याजवळ येण्याचं त्याचं कमीत कमी अंतरही वाढलं. आधीच मंद, त्यात आणखी लांब, त्यात वेळापत्रक बदललेलं. एका फेऱ्यात अर्ध्या वर्षाची चूक, पुढच्या फेऱ्यात ती दुप्पट. जुन्या हिशेबाने त्याची वाट बघणारे आकाशाचा भलताच तुकडा बघत बसले.

१९०६ नंतर होम्स सात वेळा सूर्याजवळून जाऊन आला आणि सातही वेळा कुणाला दिसला नाही. या न दिसलेल्या फेऱ्या कोल्हापूरच्या सालांशी मी लावून बघते तेव्हा हे ‘हरवणं’ केवढं लांब होतं ते कळतं. गुरूने त्याला ओढला त्या सुमारास शाहू महाराज राधानगरीच्या धरणाच्या मागे लागले होते. १९१३ च्या आसपास पहिली हुकलेली फेरी. १९२० च्या शेवटाकडे दुसरी. त्याच वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीत माणगावला परिषद झाली आणि महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. १९२८ ला तिसरी. पुढच्याच वर्षी इथे प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, आणि चौथी फेरी येईपर्यंत प्रभात पुण्याला गेलेलीही होती. सहावी फेरी आली तेव्हा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन वर्ष उलटलं होतं. राधानगरीचं धरण पुरं व्हायलाही स्वातंत्र्य उजाडावं लागलं. राजा गेला, राज्य गेलं, शहराने पिढ्या बदलल्या, आणि हा तेवढ्या काळात तीन-साडेतीन किलोमीटरचा बर्फ-धुळीचा गोळा ठरल्या वाटेने गुपचूप फिरत राहिला. आकार सांगायचा तर रंकाळ्यापासून शिवाजी विद्यापीठापर्यंतचं अंतरही त्याच्या व्यासाहून जास्त भरेल.

‘हरवला’ असं आपण म्हणतो खरं. पण तो त्याच्या वाटेवरच होता. चुकला होता तो आपला हिशेब.

आणि हिशेब दुरुस्त करणं हे केवढं काम आहे! धूमकेतूची कामचलाऊ कक्षा काढायला तीन निरीक्षणं पुरतात. पण दशकं उलटल्यावर तो कुठे असेल हे सांगायचं तर त्याला पावला-पावलाने पुढे सरकवावं लागतं. थोडे दिवस पुढे न्यायचा, गुरूने किती ओढलं ते काढायचं, शनीने किती, पृथ्वीने किती. बेरीज करायची. पुन्हा थोडे दिवस पुढे. असं अर्धं शतक. हाताने करायचं तर उमेदीची वर्षं त्यातच जायची. आणि एवढं करूनही १९०६ ची ती थोडीथोडकी, मंद निरीक्षणं पायाशी. पायात बोटभर चूक असली तर शिखरावर ती हातभर व्हायची.

१९६३ साली ब्रायन मार्सडेन या पंचविशीतल्या तरुणाने हे काम अंगावर घेतलं. मूळचा इंग्लंडचा, तेव्हा अमेरिकेत येल विद्यापीठात होता. सुदैवाने आता संगणक हाताशी होता. त्याने हरवलेल्या धूमकेतूंची जुनी निरीक्षणं पुन्हा काढली, तपासली, ग्रहांची ओढाताण मोजली आणि होम्स १९६४ साली कुठे असावा ते मांडलं. असा हिशेब किती नेमका असतो याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. चूक उरते ती बहुतेक वाटेच्या लांबीत. धूमकेतू त्या वाटेवरच असतो, फक्त सांगितलेल्या जागेच्या थोडा पुढे किंवा थोडा मागे. त्यामुळे शोधणाऱ्याला सबंध आकाश चाळावं लागत नाही, एक अरुंद पट्टी चाळावी लागते.

ती पट्टी चाळली एलिझाबेथ रोमर यांनी. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेत त्या काम करत. दुर्बीण साधारण एक मीटर व्यासाची. आज पन्नाशी-साठीतल्या ज्यांनी काचेवरचे जुने फोटो पाहिलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. तेव्हा आकाशाचे फोटो काचेवर घेत. धूमकेतू जितका सरकणार तितकीच दुर्बीणही त्याच्या बरोबरीने सरकवत न्यायची. मग एवढ्या वेळात सगळ्या ताऱ्यांच्या बारीक रेघा उमटतात आणि हवा असलेला तेवढा ठिपका राहतो. काच धुऊन, वाळवून, उजेडासमोर धरून भिंगाखाली तपासायची. पारदर्शक काचेवर असंख्य काळ्या रेघा, आणि त्यांच्यात कुठेतरी एक काळा ठिपका. तो धुळीचा कण असू शकतो, काचेवरच्या लेपातला दोष असू शकतो. म्हणून दुसरी काच घ्यायची आणि ठिपका अंदाजाइतकाच पुढे सरकलाय का ते मोजायचं.

१६ जुलै १९६४ ला रोमरना तो ठिपका मिळाला. पोगसनच्या पट्टीवर प्रत एकोणीसच्या जरा पलीकडे. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे दोन लाख पट मंद. अठ्ठावन्न वर्षांनी होम्स सापडला. ज्याला १८९२ साली दुर्बिणीशिवाय बघता येत होतं, त्याची ओळख आता काळ्या टिंबाएवढी उरली होती, आणि तेवढ्यावरून एका बाईने त्याला ओळखलं.

रोमरनी असे ७९ धूमकेतू त्यांच्या परतीच्या वाटेवर पुन्हा गाठले. याच दोघांचं आणखी एक काम. टेम्पल-१ नावाचा धूमकेतू १८७९ नंतर हरवला होता, तोही गुरूमुळेच. मार्सडेनच्या हिशेबावरून रोमरनी १९६७ साली काचा घेतल्या. तेव्हा काही हाती लागलं नाही असंच वाटलं. १९६८ च्या अखेरीस त्या काचा पुन्हा बारकाईने तपासल्या, तर ८ जूनच्या एका काचेवर एक धूसर ठिपका होता. एकच. खात्री पटायला १९७२ ची फेरी यावी लागली. आणि ४ जुलै २००५ ला त्याच धूमकेतूवर नासाच्या डीप इम्पॅक्ट यानाने ३७० किलोचा गोळा आदळवला, धूमकेतूच्या पोटात काय आहे ते बघायला. सगळ्या जगाने ती चित्रं टीव्हीवर पाहिली. त्या ठिपक्याबद्दल कुणी बोललं नाही.

दोघांच्या नावाचे लघुग्रह आहेत, १६५७ रोमेरा आणि १८७७ मार्सडेन. म्हणजे खगोलज्ञ त्यांना विसरले नाहीत. विसरलो आपण, म्हणजे उत्सुकतेने आकाश बघणारी साधी माणसं. आम्हाला पहिल्या दर्शनाची गोष्ट रंगवून सांगितली जाते आणि परत शोधण्याची गोष्ट तळटिपेत जाते.

आता २००७. होम्स त्या मे महिन्यात सूर्याजवळून जाऊन दूर निघाला होता. ऑक्टोबरात तो सतराव्या प्रतीचा होता, म्हणजे मोठ्या दुर्बिणीवाल्यांखेरीज कुणाच्या खिजगणतीत नसलेला. २४ ऑक्टोबरला कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे इथल्या सान्ताना या निरीक्षकाच्या ध्यानात आलं, की हा असायला हवा त्याच्या हजारो पट तेजस्वी आहे. आणि तो वाढतच होता. दोन दिवसांच्या आत प्रत २.८ ला आली. सुमारे पाच लाख पट उजळला. धूमकेतूंच्या इतिहासात एवढा मोठा भडका दुसरा नोंदलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, आपल्याकडे कोजागरी होती.

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचा मेसेज आला: ‘दहानंतर ईशान्येला ययाती बघ. मिरफाकच्या खाली एक जास्तीची चांदणी आहे.’ ययाती हे नाव कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही, पण आकाशातला ययाती हा तारकासमूह आणि त्यातला मिरफाक तारा ओळखणारे कमीच. शर्मिष्ठा तारकासमूहाचा ‘एम’ धरून खाली यायचं. आमच्या गच्चीवर वाड्यातली सगळी जमली होती. स्टोव्हवर दूध आटत होतं. आत्या पळीने कडेची साय खरवडून आत सोडत होती, चारोळ्या भिजवलेल्या वाटीवर झाकण होतं. चंद्र एवढा लखलखीत की गच्चीवरच्या वाळवणाच्या खुणा दिसत होत्या. अशा चांदण्यात धूमकेतू दिसेल यावर माझाच विश्वास नव्हता. पण दिसला. आकाशवाणी टॉवरच्या लाल दिव्यांकडे पाठ केली, हाताने चंद्र झाकला, आणि होता. पिवळसर, शांत, ताऱ्यासारखा. लुकलुकत नव्हता.

आत्याला दाखवला. तिने पदराने हात पुसत बराच वेळ पाहिलं.

“चांदणीच हाय की गं ती. शेपूट कुठाय?”

“शेपूट त्याच्या मागं गेलंय आत्या. आपण त्याच्या जवळजवळ समोर आहोत.”

“आणि परवा नव्हती ही इथं?”

“नव्हती. म्हणजे होता, पण दिसत नव्हता.”

“मग आज कोजागरीला बरा जागा झाला,” ती म्हणाली आणि दूध बघायला वळली. तिच्या दृष्टीने गोष्ट पुरी झाली होती. माझी तिथे सुरू झाली.

कारण त्या पिवळ्या ठिपक्याच्या मागे १८९२ आहे, हे आपल्याला माहीत होतं ते कशामुळे? रोमरनी ते काळं टिंब हेरलं नसतं, तर धागा १९०६ लाच तुटला असता. मग २००७ चा तो पाहुणा आपल्याला बहुतेक नवखाच वाटला असता. आला, भडकला, गेला. १८९२ साली भडकलेला आणि २००७ साली भडकलेला एकच, आणि दोन्ही वेळा सूर्याजवळून गेल्यावर पाच-साडेपाच महिन्यांनी भडकलेला, हे कळण्यासाठी मधली साखळी शाबूत हवी. ती त्या दोघांनी सांधली. धूमकेतूंच्या पोटात नेमकं काय घडतं हे शोधणाऱ्यांना आज हा एवढा मोठा धागा हाती आहे तो त्यामुळे.

पुढच्या रात्रींत तो मोठा होत गेला. महिनाअखेरीस सरांच्या द्विनेत्रीतून वाटोळी चकती स्पष्ट दिसायला लागली, कडा रेखीव, मधे उजेडाचा गाभा. दिवाळीपर्यंत तर नुसत्या डोळ्यांनाही तो ठिपका न राहता कापसाच्या पुंजक्यासारखा दिसू लागला. ९ नोव्हेंबरला हवाई विद्यापीठाच्या खगोलज्ञांनी त्या धुळीच्या ढगाचा व्यास मोजला, तो १४ लाख किलोमीटर भरला. सूर्याहून मोठा! तीन-साडेतीन किलोमीटरच्या गोळ्यातून निघालेली धूळ, इतकी विरळ की तिच्यातून मागचे तारे दिसत होते, आणि पसारा सूर्याहून मोठा.

त्या वर्षी ९ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवसही तोच. कोल्हापूरच्या माणसाला किरणोत्सव काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. सूर्य दक्षिणेकडे सरकताना एकदा आणि उत्तरायणात परतताना एकदा क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्याचं वेळापत्रक दगडात मांडून ठेवलं. आणि तरी कित्येक वर्षी किरण मुखापर्यंत पोहोचत नाहीत. कधी ढग, कधी धूळ-धूर, हवेतलं बाष्प, कधी वाटेत उभी राहिलेली उंच बांधकामं. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘किरणे कमरेपर्यंत येऊन लुप्त’. मंदिरात डोळे लावून उभे असलेले लोक हळहळतात. पण कुणी असं म्हणत नाही, की सूर्य चुकला. अडथळा शोधतात, मोजणी करतात, नकाशे काढतात. मार्सडेनने होम्सच्या बाबतीत नेमकं हेच केलं, फक्त त्याच्या वाटेतला अडथळा गुरूएवढा होता.

होम्स का भडकला, याचं पक्कं उत्तर अजून नाही. एक अंदाज असा, की त्याच्या आत अस्ताव्यस्त रचनेचं बर्फ आहे. सूर्याची ऊब सावकाश आत झिरपते आणि काही महिन्यांनी त्या थरापर्यंत पोहोचते. मग बर्फाची रचना बदलून त्याचे स्फटिक होतात, त्यात उष्णता सुटते, अडकलेले वायू मोकळे होतात आणि वरचं कवच उडतं. दोन्ही भडके सूर्यभेटीनंतर काही महिन्यांनीच झाले, याच्याशी हे जुळतं. पण मग मधल्या फेऱ्यांत का नाही, हा प्रश्न राहतोच.

त्या रात्री उधळलेली धूळही संपलेली नाही. एकाच जागी फुटून निघालेला प्रत्येक कण सूर्याभोवती स्वतःच्या वेगळ्या कक्षेत फिरायला लागतो, कुणाचा फेरा जरा लांब, कुणाचा आखूड. पण सगळ्या कक्षा त्या स्फोटाच्या बिंदूतून जातात. म्हणून फेरा पुरा झाला, की कण पुन्हा त्याच बिंदूपाशी गोळा होतात, पुढे-मागे. फिनलंडमधल्या मारिया ग्रित्सेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही धूळ कधी आणि कुठे एकवटेल ते काढून हौशी निरीक्षकांना तिचा माग काढायला सांगितला. २००७ ची धूळ लोकांना पुन्हा दिसली. हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला! हिशेब मांडायचा, वाट सांगायची, आणि दुसऱ्याने तिथे बघायचं. मार्सडेन-रोमर जोडीचा धंदा अजून चालू आहे.

होम्स स्वतः २०१४ साली आला, २०२१ साली आला, दोन्ही वेळा २००७ सारखा भडकला नाही. आता २०२८ च्या सुरुवातीला पुन्हा सूर्याजवळ येईल. भडकेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण समजा जुन्याच सवयीने पाच-साडेपाच महिन्यांनी भडकला, तर तो जून-जुलै असेल. मृगापासून इथे आकाश नावाची गोष्ट नसते. पंचगंगा पात्राबाहेर यायच्या बेतात असते आणि आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तिथे धूमकेतू कुठला. म्हणून मी आत्तापासूनच जतच्या मावसभावाला सांगून ठेवलंय. तिकडे पाऊस आधीच कमी, आषाढातही मोकळ्या पहाटा मिळतात, आणि त्याच्या शेतातल्या घराला पूर्वेला आडोसा नाही. तो म्हणाला, “ये की, पण पाऊस पडला तर शिव्या दिऊ नको, आम्हाला तो हवा असतोय.”